भिवपुरीची मझुर्का

"सही कर आन् मोकळी हो," मनोज तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा नम्रतानं पेनाला टोपण लावलं आणि पेन त्याच्याच खिशात अडकवून दिलं.

मनोजला हे अपेक्षित नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन शिळफाट्याला गेलेली धाकटी बहीण हळदीच्या आदल्या दिवशी माहेरी येते ती पुरणाला हात लावायला, पाहुण्यांना चहा द्यायला, असं त्याचं साधं सरळ गणित होतं. उद्या दुपारी चारला त्याच्या जितेशची हळद. अंगणात मांडव चढत होता, ललितावहिनीला पदर खोचल्यापासून श्वास घ्यायला सवड नव्हती, आणि अशा लगीनघाईत मधल्या खोलीत टेबलावर तो कागद पसरलेला होता.

कागद कर्जतच्या डोंगरपट्टी लोककला मंडळाचा. रविवारी मंडळ धाकलूचा सत्कार करणार होतं. सत्त्याहत्तर वर्षांचा धाकलू, मनोज-नम्रताचा बाप, भिवपुरीतल्या पहिल्या बेंजो पार्टीचा मालक. त्याच्या चालीशिवाय आसपासच्या सात गावांत कुणाला हळद लागत नव्हती. मंडळाची अट एकच होती, चाल स्वतः रचलेली हवी. ती कुणीतरी नीट लिहून द्यायची, खाली सही करायची, आणि आज पाचच्या आत कागद कर्जतला पोचवायचा. घराण्यात सुरांचं लिखाण येत होतं ते एकट्या नम्रताला.

"चाल मी लिहिलीय," नम्रता म्हणाली. "दोन पानं, सगळी. पण 'रचनाकार' म्हणून बाबांचं नाव घालून मी सही करणार नाय."

"का? बापाचं नाव घालायला लाज वाटते?"

"चाल बाबांची नाय, दादा."

दारात उभी असलेली त्यांची आई सुंदरा तांदळाचं सूप तसंच धरून आत आली आणि तिनं पाठीमागे दार ओढून घेतलं. म्हातारा मागच्या ओट्यावर बसला होता, मांडवाचे बांबू कसे चुकीचे बांधतात ते सगळ्यांना ऐकवत. त्याला हे ऐकू जाता कामा नये, एवढं तिला लगेच कळलं.

"काय बोलतेस नमे? पन्नास वर्षं ती चाल वाजतेय. तुज्या हळदीला वाजली, याच्या वाजली," सुंदरा मनोजकडे हात करत म्हणाली.

"वाजली ना. आवडतेच मला. पण ती शोपाँची हाय."

"कोन शोपा?" मनोजनं विचारलं. "नेरळचा?"

एरवी नम्रता पोट धरून हसली असती. आज तिला हसू आलं नाही.

तिला स्वतःला ही गोष्ट कळून महिना झाला होता. शिळफाट्याला तिचे कीबोर्डचे वर्ग चालायचे. मुलीसाठी आणलेला कीबोर्ड मुलीनं आठ दिवसांत टाकला आणि आईनं उचलला. चाळिशीत पोरासोरांच्या रांगेत बसून पाश्चात्त्य संगीताच्या आठ परीक्षा तिनं दिल्या आणि मग स्वतःच शिकवायला लागली. यंदा अब्बासभाईंची फिझा वरच्या परीक्षेला बसली होती आणि तिला रोमँटिक काळ होता. एकोणिसावं शतक. दोघी मिळून ते शतक अक्षरशः घोटत होत्या. सहाशेच्या वर गाणी लिहून एकतिसाव्या वर्षी गेलेला शूबर्ट. छोट्या छोट्या तुकड्यांतून माणसांचे स्वभाव उभे करणारा शुमान. ज्याची बोटं बघायला लोक खुर्च्यांवर चढायचे तो लिस्ट. सगळे आतषबाजी करत असताना घट्ट मुठीनं जुनं धरून ठेवणारा ब्राम्स. नॉक्टर्न, बॅलड, इम्प्रॉम्प्टू असे रचनाप्रकारांचे शब्द शिळफाट्याच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत, खालच्या भजीच्या वासात, रोज फिरत होते. आणि एका दुपारी फिझा तिच्या परीक्षेची मझुर्का बसवायला लागली. आठव्या ओळीवर ती थांबली, मागे वळली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "टीचर, ये तो हळदीवाला गाना है! हमारे बाजूवाल्यांच्या लग्नात वाजलं होतं!"

फिझानं सांगण्याआधी दोन ओळी नम्रताला ते कळलं होतं.

"आये, बस," ती आता म्हणाली. "नीट सांगते. शोपाँ हा पोलंड देशाचा. विसाव्या वर्षी घर सोडलं, पॅरिसला ऱ्हायला. मागं त्याच्या देशात लढाई पेटली, त्याला परत कदी जाता नाय आलं. त्याच्या गावाकडं शेतकरी लग्नात नाचायचे, तीनाच्या ठेक्यावर, टाच आपटून. पहिल्या मात्रेवर नाय, दुसऱ्या-तिसऱ्यावर. आपल्या बाया हळदीत आपटतात तसंच. त्या नाचाला मझुर्का म्हणतात. गावची आठवण यायची तेव्हा शोपाँ मझुर्का लिहायचा. पन्नासच्या वर लिहिल्या. त्यातली एक आपली चाल."

तांदूळ निवडता निवडता सुंदरानं विचारलं, "म्हंजे त्यानं बी कुनाचंतरी उचललं?"

"ढंग घेतला. चाल स्वतःची बांधली. त्या काळात सगळ्यांनाच आपापल्या गावची गाणी आठवायला लागली होती. एक ड्वोरझाक होता, एक ग्रीग होता. राजवाड्यात वाजणाऱ्या संगीतात त्यांनी खळ्यावरचा नाच आणून बसवला. तेच तर त्या काळाचं वैशिष्ट्य." 'वैशिष्ट्य' म्हटल्यावर तिचं तिलाच वाटलं की आपण वर्गात बोलतोय.

"वैशिष्ट्य ऱ्हाऊ दे तुजं," मनोज भडकला. "दहिवलीला बॅनर छापून झालाय. 'भिवपुरीच्या हळद-चालीचे जनक'. जितेशचे सासरे रविवारी गाडी करून येतायत. तो शोपा जाऊन किती वर्सं झाली?"

"पावणेदोनशे झाली."

"मग त्याला काय फरक पडतो?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला दार उघडून जितेश आत आला. नवरदेवाला कामं सांगत नाहीत म्हणून बिचारा सकाळपासून मोबाईल घेऊन हिंडत होता, आणि भिंतीला कान लावून उभा असणार हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"पप्पा, आत्या बरोबर बोलते. मी आता मोबाईलला चाल ऐकवली, त्यानं नाव सांगितलं. उद्या कोनीपन ओळखेल. रविवारी व्हिडिओ पडला की खाली लोक लिहितील, चोरी म्हणून. इज्जत जाईल."

"त्यासाठी नाय रे," नम्रता पटकन म्हणाली. आपल्या बाजूनं बोलणारा मिळाला म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं. उलट राग आला. "कोनाला कळनार नसतं तरी मी सही केली नसती. मी पोरांना शिकवते. कोनी काय लिहिलं ते शिकवते. माझ्या हातानं खोटं लिहून उद्या फिझासमोर कशी बसू?"

"म्हणजे शिळफाट्याची पोरगी बापापेक्षा मोठी," मनोज म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता, आणि तो खाली आला की जास्त लागायचा. "आयक नमे. बाबांच्या छातीत गेल्या गणपतीला स्प्रिंग टाकलीय. त्यांना आयुष्यात कोनी हार घातला नाय. सत्कार रद्द झाला आन् त्यांना काय झालं, तर मी तुला सोडनार नाय. सही करायची नसंल तर उद्या हळदीला येऊ नको."

नम्रतानं आईकडे पाहिलं. सुंदरानं नजर सुपात घातली.

हे मात्र वर्मी लागलं. बाईमाणसाचं माहेर असं एका वाक्यात बंद होतं आणि दार लावणारा सख्खा भाऊच असतो. पण तिनं कागद उचलला, तिची दोन पानं त्यात ठेवली आणि ती मागच्या ओट्याकडे निघाली.

"कुटं चाललीस?" सुंदरा उठली. "त्यांना सांगू नको गं! त्यांच्या जिवाचं बरंवाईट..."

वाटेत ललितावहिनी उभी होती, हळदीनं पिवळे झालेले दोन्ही हात हवेत धरून. नवऱ्याच्या शब्दाबाहेर पंचवीस वर्षांत न गेलेली बाई. मनोजला वाटलं, ही अडवणार.

"जाऊ द्या वन्संना," ती म्हणाली. "माझ्या पोराची हळद हाय. खोट्यावर नको."

धाकलू ओट्यावर खांबाला टेकून बसला होता. मुलीला पाहून त्यानं बाजूची जागा हातानं झाडली. नम्रता बसली नाही. बसली असती तर बोलता आलं नसतं.

"बाबा, हळदीची चाल तुमची नाय. मला कळलंय."

मागे मनोज, सुंदरा, ललिता, जितेश, सगळे दारात गोळा झाले. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. त्याचा चेहरा एकदम पडला. पण आश्चर्य काही त्यात दिसेना.

"मॅडमचं पत्र आलं का?" त्यानं विचारलं.

"कोन मॅडम?"

"पेरिन मॅडम."

मग ते बाहेर आलं, तुटक तुटक. बाहत्तर साली धाकलू पॉवरहाऊसच्या क्वार्टर्समध्ये माळी होता. तिथल्या क्लबात एक काळा पियानो होता आणि मोठ्या साहेबांची बायको, पेरिन मॅडम, रोज दुपारी तो वाजवायची. धाकलूचे वाफे नेमके त्या खिडकीखाली. पाणी घालायला पंधरा मिनिटं पुरली असती, तो तास लावायचा. बोटांनी पाइपवर ठेका धरायचा. एका चालीनं त्याला वेड लावलं. पगारातून बेंजो आणला आणि ती चाल त्यावर उतरवली, लग्नात वाजवली. लोक म्हणाले, धाकल्या, कुनाची रं? तो म्हणाला, माझी.

"तरणा व्हतो. त्वांडातून निगून गेलं. मागं घेता येईना." म्हातारा हाताच्या शिरांकडे बघत बोलत होता. "मॅडमची बदली झाली. सामान टेंपोत भरायला मला बोलावलं, मी गेलो नाय. पाठ दावून पळालो. तिला वाटलं आसंल, धाकल्या मायेचा नाय. तिची चाल चोरली म्हनून गेलो नाय मी. पन्नास वर्सं झाली. कुटं बी वाजवली की ती खिडकीत दिसते."

सुंदरानं तोंडाला पदर लावला. पन्नास वर्षांच्या संसारात तिला हे ठाऊक नव्हतं.

"बाबा," नम्रता खाली बसली. आता बसणं भाग होतं. "ती मॅडमची नव्हती. शोपाँ नावाच्या मानसाची हाय, दूर देशातला, मॅडमच्या आज्याच्या बी आधी मेलेला. जगात कोनीबी वाजवतं. मॅडमनी पुस्तकात बघून वाजवली. तुमी वाजवली, आयकून. तुमी तिचं काय नेलं नाय."

"तिनं बनवली नाय?"

"नाय."

"तू शपथेवर सांगतेस?"

"छापलेली आहे बाबा. माझ्याकडं आहे."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंसुद्धा नाही. पन्नास वर्षांचा दगड उतरला तरी माणूस लगेच ताठ होत नाही. तो तसाच वाकून बसून राहिला.

"मंग थांब बी त्याचाच का?" त्यानं विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. थांब म्हणजे त्या चालीचा जीव. सोळा ओळी रंगात आल्यावर बेंजो मध्येच तुटतो, ताशा गप्प, बाया गप्प, आणि त्या शांततेत आईनं पोराला पहिली हळद लावायची. गावात सांगतात की तेवढ्यात गावदेवी मांडवातून फिरून जाते. एकदा एका नवसाच्या पोराच्या हळदीत थांब चुकला म्हणून त्याला पुन्हा हळद लावली होती.

"छापलेल्यात थांब नाय," नम्रता म्हणाली. "चाल पुढं जाते. तेच मला कळेना, बाबा. तुमी तिथं का थांबवलीत?"

"चारचा भोंगा व्हायचा," धाकलू म्हणाला. "पाळी सुटायची. साहेब घरी चहाला यायचे म्हनून मॅडम हात उचलायची, झाकन लावायची. पुडचं मी आयकलंच नाय कदी."

मनोज मटकन उंबऱ्यावर बसला. गावदेवी फिरून जाते असं तो स्वतः माइकवर सांगत आला होता, वीस वर्षं.

नम्रताच्या डोक्यात मात्र झटकन उजेड पडला. तिनं मनोजच्या खिशातलं पेन काढून घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि 'रचनाकार' या शब्दासमोर स्वच्छ अक्षरात लिहिलं, "मूळ चाल : शोपाँ यांची मझुर्का. बेंजोवरचा बाज आणि थांब : धाकलू, भिवपुरी." मग वाचून दाखवलं.

"यात खोटं काय नाय," ती म्हणाली. "शोपाँनं शेतकऱ्यांचा नाच घेऊन पियानोवर नेला. बाबांनी तो परत शेतकऱ्यांच्या मांडवात आणला, आन् त्यात एक जागा अशी केली की सात गावं तिथं श्वास धरतात. ती शोपाँला सुचली नाय."

"मंडळ नाव कापील," मनोज म्हणाला.

"कापू दे," धाकलू म्हणाला. म्हाताऱ्याच्या आवाजात एकाएकी जोर आला होता. "आन दे हिकडं. माज्या नावाफुडं सही मी करनार. हार मिळाला तर ह्याच्यावर घेईन, नायतर नको मला."

त्यानं सही केली. मग कागद परत देताना त्यानं तो सोडलाच नाही. एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला लेक.

"नमे, तुला आठवतं? सातवीत तू बेंजोला हात लावलास, आन् मी मारलं."

तिला आठवत नव्हतं असा एक दिवस गेला नव्हता. कानाखाली बसलेली, आणि मग बेंजो कुलपात. पोरींनी पार्टीत बसायचं नसतं, असं त्या दिवशी आईनं समजावलं होतं आणि तिनं तेच धरून ठेवलं होतं. पुढची तेहतीस वर्षं मनोज बेंजो वाजवत राहिला, तिनं मांडवाच्या कडेला बायकांत बसून ऐकलं.

"मुलगी म्हनून," ती म्हणाली.

"नाय." धाकलूनं मान हलवली. "तू चाल वाजवलीस, पैल्या खेपेला, चूक नाय केलीस. आन् म्हनालीस, बाबा, ही अर्दीच हाय, पुडं कायतरी ऱ्हायलंय. मी घाबरलो. मनोजला कान नाय, त्याला कदीच कळलं नसतं. तुला कळलं. मला वाटलं, ही मोटी होईल, शोधील, आन् मला उघडं पाडील. म्हनून तुला वाद्याजवळ येऊ दिलं नाय. मॅडमचं काय चोरलं नाय मी. चोरलं ते तुजं."

नम्रताच्या हातातून कागद सुटला. जितेशनं तो उचलला.

आपण असं काही म्हणालो होतो हे तिला आजपर्यंत आठवलंच नव्हतं. थपडेनं आधीचं सगळं पुसून टाकलं होतं. बारा वर्षांच्या एका पोरीला खिडकीखाली उभ्या राहिलेल्या बापापेक्षा जास्त ऐकू आलं होतं, आणि त्यासाठी तिला चाळिशीत पोरांच्या रांगेत बसावं लागलं. तिला बापाची दया आली, आणि त्याहून मोठा संताप आला. तो तिनं गिळला नाही.

"बाबा, मी तुमाला माफ करू शकत नाय," ती म्हणाली. "आज तरी नाय. बघू पुढं."

"नको करूस," धाकलू म्हणाला.

"नमे, असं काय..." सुंदरानं सुरू केलं, पण ललितानं सासूच्या दंडावर हळदीचा हात ठेवला आणि सासू गप्प झाली.

नम्रता उठली. साडीवरची धूळ झटकली, जितेशच्या हातातून कागद घेतला, लिहून देणाऱ्याच्या जागी स्वतःची सही केली, पूर्ण नावानं, आणि तो मनोजच्या पुढे धरला. मनोजनं घड्याळ बघितलं आणि शर्टाच्या आत, छातीशी, तो नीट घडी करून ठेवला. साडेतीन वाजले होते. कर्जतला पोचायला वेळ होता.

"दादा," ती म्हणाली, "उद्या मी हळदीला येणार. तू नको म्हणालास तरी. आन् बायकांत बसनार नाय. बेंजोवर बसनार."

मनोजनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. कुणीही त्याच्या मदतीला आलं नाही.

"मग मी कुटं बसू?" त्यानं विचारलं.

"ताशा घे," धाकलू म्हणाला. "आन् तिच्याकडं बघून वाजव."